पंचेचाळीसचे एकोणपन्नास : कृष्णाकाठ, बिनतारी टेलिप्रिंटर आणि ऐकण्याची विद्या

१/ सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोक्याची पातळी ४५ फूट. बिनतारी टेलिप्रिंटरवरून '४५' हा आकडा पाठवला आणि त्यातला एकच घटक, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पंचेचाळिसावा भाग, खरखरीत बुडाला, तर पलीकडच्या पडद्यावर '४९' उमटू शकते. यंत्र चूक कबूल करत नाही. घंटा वाजत नाही, जागा कोरी राहत नाही. चुकीचा आकडा बरोबर आकड्याच्याच रुबाबात छापला जातो. हा थ्रेड त्या चार फुटांविषयी आहे.

२/ एक समज सर्वत्र पसरला आहे : सिग्नल मिळाला की संदेश मिळाला, उरलेले काम सॉफ्टवेअर करते. हौशी रेडिओचालकांच्या नव्या पिढीत तो आहे. आपत्ती व्यवस्थापन म्हणजे उपकरणांची यादी असे मानणाऱ्यांत तो आहे. रेडिओचा इतिहास म्हणजे प्रक्षेपकांचा इतिहास असे लिहिणाऱ्यांतही तो आहे. हा समज तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, ऐतिहासिकदृष्ट्या अपुरा आहे आणि सातारा-सांगलीसारख्या पूरप्रवण पट्ट्यात तो घातक ठरू शकतो. ही तिन्ही विधाने पुढे क्रमाने सिद्ध केली आहेत.

३/ प्रथम लिपी. १८७०च्या दशकात एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र अभियंत्याने पाच घटकांची सांकेतिक लिपी रचली. प्रत्येक घटक 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगतो. पाच घटकांच्या जुळण्या होतात फक्त ३२. रोमन अक्षरेच २६, मग अंक आणि विरामचिन्हे बसवायची कुठे? त्यावर तोड निघाली ती दुहेरी वापराची : एकच जुळणी कधी अक्षर, कधी अंक. कोणता अर्थ घ्यायचा हे आधी आलेला 'अक्षरे' किंवा 'अंक' हा बदलसंकेत ठरवतो. पुढे सुधारलेली ही लिपीच टेलिप्रिंटरची आंतरराष्ट्रीय लिपी झाली आणि हौशी रेडिओवर ती आजही चालते.

४/ या काटकसरीची किंमत कृष्णाकाठच्या उदाहरणानेच पाहावी. बदलसंकेत वाटेत हरवला तर रोमन अक्षरांत पाठवलेले 'वाई' पलीकडे '२-८' असे छापले जाते. उलट दिशेने '४५' ची 'आर टी' ही अक्षरे होतात. मराठीला तर या ३२ घरांत जागाच नाही, त्यामुळे गावांची नावे रोमन लिपीतच जातात. तरीही अक्षरांतली चूक माणसाच्या ध्यानात येते, कारण शब्द बिघडलेला दिसतो. आकड्यांतली चूक ध्यानात येत नाही, कारण कोणताही आकडा दिसायला शहाणाच असतो.

५/ या लिपीत १ आणि ७ यांच्यात एकाच घटकाचा फरक आहे. ५ आणि ९ यांच्यात एकाचाच. १ आणि २, १ आणि ०, ७ आणि ८ यांच्यातही एकाचाच. चूक ओळखण्यासाठी लागणारा जादा घटक या लिपीत मुळातच नाही. म्हणजे इशारा पातळी नुकती ओलांडल्याचा '४१' हा निरोप एका घटकाच्या बिघाडाने धोक्याची पातळी ओलांडल्याचा '४७' होऊ शकतो, आणि '४७' चा '४१' ही होऊ शकतो. पहिल्या चुकीने धावपळ होते. दुसऱ्या चुकीने माणसे घरात झोपून राहतात.

६/ आता हा संदेश हवेतून कसा जातो ते पाहू. तारेवर 'आहे-नाही' म्हणजे वीजप्रवाहाचे असणे-नसणे. रेडिओवर त्याऐवजी दोन सूर असतात. प्रचलित पद्धतीत ऐकू येणारा एक सूर २१२५ हर्ट्झचा, दुसरा २२९५ हर्ट्झचा, दोहोंत अंतर १७० हर्ट्झ. वेग ४५.४५ बॉड, म्हणजे प्रत्येक घटकाला २२ मिलिसेकंद. यंत्राला करायचे एवढेच : या २२ मिलिसेकंदांत दोहोंपैकी कोणता सूर अधिक प्रबळ होता? सगळी विद्या या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे आणि ते उत्तर ज्यावर अवलंबून आहे त्याचे नाव फिल्टर, म्हणजे गाळणी.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हौशी रेडिओचालकांनी भंगारात निघालेले टेलिप्रिंटर घरी आणले. दोन सूर वेगळे करण्यासाठी त्यांनी टेलिफोनच्या तारमार्गांतून निघालेली ८८ मिलिहेन्रीची वलयाकार वेटोळी वापरली. एकेक वेटोळे मोजून, त्याला जुळणारा कपॅसिटर निवडून ते गाळणी हाताने घडवत. १९७० च्या सुमारास आयर्विन हॉफ यांच्या 'एसटी' मालिकेतील यंत्रांनी ही कारागिरी कळसाला नेली. पुढे संगणक आला आणि माकोतो मोरी यांच्या 'एमएमटीटीवाय' या प्रोग्रॅमने तेच काम साउंडकार्डवर आणले. आजही ते जगभर वापरात आहे.

८/ येथे इतिहासकाराने थांबून एक फरक नोंदवावा. वेटोळी मोजणाऱ्या माणसाला आपली गाळणी काय घेते आणि काय टाकते हे ठाऊक होते, कारण ती मर्यादा त्याने स्वतःच्या हाताने ठरवली होती. पडद्यावरची पट्टी सरकवणाऱ्याला ते ठाऊक असण्याची सक्ती उरली नाही. सोय वाढली, जाण घटली. सॉफ्टवेअरवर हा आरोप नाही. मोरी यांच्या प्रोग्रॅममध्ये पट्टारुंदी, उंबरठा, उकलीची पद्धत असे सर्व काही बदलता येते. आरोप आहे तो काहीही न बदलता 'यंत्र बघून घेईल' म्हणणाऱ्या वृत्तीवर.

९/ आता भारत. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी रेडिओचालकांना प्रक्षेपक जमा करण्याचा हुकूम काढला. तरीही १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी तो चालवत आणि नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी रेडिओचालकाचे तांत्रिक ज्ञान त्यामागे होते. लहरलांबी जाहीर केली जाई ती ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज हौशी रेडिओचालकांना '४० मीटर' म्हणून परिचित असलेल्या पट्ट्यातलीच ही जागा. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर छापा पडला आणि मेहतांना अटक झाली.

१०/ ही कथा नेहमी प्रक्षेपकाची कथा म्हणून सांगितली जाते : यंत्र कोणी बांधले, कुठे लपवले, कोणी फितवले. पण त्या प्रसारणांचा बराचसा मजकूर आज वाचता येतो तो सरकारी श्रवणनोंदींमुळे. सरकारचे लोक रोज कान लावून बसत, शब्द उतरवून घेत आणि ते कागद खटल्यासाठी जपून ठेवत. स्वातंत्र्याचा आवाज इतिहासाच्या हाती आला तो त्याला दडपू पाहणाऱ्यांच्या कानांतून गाळून. त्या कानांना जे नीट ऐकू आले नाही किंवा नोंदण्याजोगे वाटले नाही, ते गेले. दप्तरखाना हीसुद्धा एक गाळणीच असते.

११/ त्याच काळात सातारा जिल्ह्यात वेगळे घडत होते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता. १९४९ मध्ये तो 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये 'सांगली' झाला. भूमिगतांनी सरकारच्या तारा तोडल्या, टपाल आणि रेल्वे यांवर हल्ले केले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलच्या परिसरात जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना वावरत होती. यांचे संदेशवहन चालत असे ते पायी, माणसाकडून माणसाकडे.

१२/ या इतिहासाकडे 'मागासलेले संदेशवहन' म्हणून पाहणे हा अडाणीपणा आहे. निरोप्या हा नुसता वाहक नसतो, तो तपासनीसही असतो. निरोप कोणाकडून आला, तो खरा वाटतो का, आकडा विसंगत आहे का, याचा विचार करून तो पुढे पाऊल टाकतो. साम्राज्याच्या तारेकडे वेग होता, या निरोप्याकडे विवेक होता. टेलिप्रिंटरच्या गाळणीकडून अपेक्षा असते ती नेमकी या दुसऱ्या गुणाची : काय घ्यावे आणि काय सोडावे.

१३/ आता गाळणीचे शास्त्र. रेडिओवर बोलण्याचा आवाज ऐकण्यासाठी साधारण २४०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा खुला ठेवतात. टेलिप्रिंटरच्या दोन सुरांना मिळून सुमारे २५० हर्ट्झ पुरतात. म्हणजे सताड उघड्या दारातून जो गोंगाट आत येतो, त्याचा नऊ-दशांश भाग संदेशाशी काडीचाही संबंध नसलेला असतो. पट्टा ५०० हर्ट्झवर आणला तर गोंगाटाची शक्ती जवळपास पाचव्या हिश्श्यावर येते. प्रक्षेपकाची शक्ती पाचपट वाढवून जे साधते, ते ऐकणाऱ्याला एक बटण दाबून साधता येते. मग जोर नेहमी मोठ्या प्रक्षेपकाच्या खरेदीवरच का?

१४/ पण गाळणी जितकी अरुंद तितकी चांगली, हाही भ्रमच. पट्टा १५० हर्ट्झवर आणला की संदेशाच्याच कडा कापल्या जातात. शिवाय अतिअरुंद गाळणी घंटेसारखी घुमते : एका घटकाचा सूर संपला तरी त्याचा नाद पुढच्या २२ मिलिसेकंदांत रेंगाळतो आणि शेजारच्या घटकाला गढूळ करतो. भोके फार बारीक असली की चाळणीतून पीठही पडत नाही, हे कोणत्याही स्वयंपाकघरात कळते. रेडिओच्या खोलीत ते पुन्हा शिकवावे लागते.

१५/ तिसरा भ्रम म्हणजे गाळणी कुठेही बसवली तरी चालते. ग्राहकयंत्रात आवाजाची पातळी आपोआप सावरणारी व्यवस्था असते. शेजारच्या वारंवारतेवर कोणी जोरात बोलू लागले की ही व्यवस्था सगळ्याच आवाजाचा जोर कमी करते आणि दूरचा क्षीण संदेश त्यासोबत बुडतो. त्यानंतर ध्वनीवर कितीही सुंदर गाळणी लावली तरी शेजारी दिसेनासा होईल, पण बुडालेला संदेश वर येणार नाही. म्हणून अरुंद गाळणी त्या व्यवस्थेच्या आधी, रेडिओच्या अंतर्भागातच हवी. साउंडकार्डकडे जाणारी पातळीही आटोक्यात हवी. तेथे आवाज फाटला तर नको असलेले नवे सूर यंत्रातच जन्माला येतात.

१६/ चौथा मुद्दा पावसाळ्याचा, म्हणून तो कृष्णाकाठाचा. सह्याद्रीवर वीज कडाडली की तिचा आघात रेडिओच्या सगळ्या पट्ट्यावर एकदम उमटतो. हा आघात मुळात क्षणिक असतो. अरुंद गाळणीतून गेला की तो लांबतो, पसरतो आणि आणखी घटकांना गिळतो. म्हणून असे आघात छाटण्याची योजना गाळणीच्या आधी असावी लागते, नंतर नव्हे. क्रम चुकला की औषधच रोग होते. महापूर आणि विजा एकाच ऋतूत येतात, त्यामुळे ही केवळ पुस्तकी बाब नाही.

१७/ पाचवा मुद्दा सर्वांत बोलका आहे. आधुनिक रेडिओसंचांत 'शिटी आपोआप काढून टाकणारी' सोय असते. माणसाचे बोलणे ऐकताना मध्येच येणारी एकसुरी शिटी त्रासदायक असते, ती ही सोय शोधून मारते. पण टेलिप्रिंटरचा संदेश सुरांचाच बनलेला असतो. यंत्र त्या सुराला उपद्रव समजते आणि संदेशाचाच गळा घोटते. बोलण्यासाठी घडवलेली 'गोंगाट-घट' सोयही सुरांचा आकार बिघडवते. टेलिप्रिंटर ऐकताना या दोन्ही बंद ठेवायच्या असतात. माणसाच्या कानाला गोड वाटणारा ध्वनी यंत्राला वाचनीय असतोच असे नाही.

१८/ उपद्रव कोणता आणि संदेश कोणता, हे गाळणीला ठाऊक नसते. ते ती घडवणाऱ्याने आणि लावणाऱ्याने ठरवलेले असते. १९४२ च्या सरकारी कानांना जो उपद्रव होता तोच या देशाचा संदेश होता. म्हणून 'गाळणी तटस्थ असते' हे वाक्य तंत्रज्ञानात आणि इतिहासात सारखेच खोटे आहे. तटस्थतेचा दावा करण्याऐवजी गाळणीची मर्यादा जाहीर करणे, हाच प्रामाणिकपणा.

१९/ सहावा मुद्दा : हवेतून येताना दोन्ही सूर एकाच वेळी क्षीण होत नाहीत. लहरी वेगवेगळ्या वाटांनी परावर्तित होऊन येतात, कधी एक सूर खचतो तर कधी दुसरा. जे यंत्र दोहोंची ताकद सरळ सरळ तोलते ते अशा वेळी फसते, कारण खचलेला सूर खरोखर वाजत असतानाही दुसऱ्या सुराच्या जागेवरचा गोंगाट त्याहून मोठा भरू शकतो. उपाय असा की प्रत्येक सुराला स्वतंत्र गाळणी द्यावी आणि त्याची चढउतार पाहून निर्णयाचा उंबरठा सतत सरकता ठेवावा. दुबळ्याचे माप त्याच्याच ताकदीने घ्यावे, असा हा न्याय आहे.

२०/ आता भूगोल. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, कऱ्हाडला कोयना तिला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. सातारा वर, सांगली खाली. वर पाऊस पडतो, वर धरणाचे दरवाजे उघडतात आणि पाणी खाली येते. म्हणून वरचा आकडा खाली वेळेत आणि अचूक पोहोचणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. साताऱ्याहून सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर, मध्ये डोंगररांगा. सरळ रेषेत जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी डोंगराशी अडतात. ४० मीटरच्या पट्ट्यातल्या लहरी दिवसा जवळजवळ सरळ वर जाऊन आकाशातून परत येतात आणि डोंगर ओलांडतात. मात्र त्या क्षीण असतात, गोंगाटासकट येतात. येथे गाळणी निर्णायक ठरते.

२१/ २००५, २०१९, २०२१ या तीन महापुरांची आठवण या पट्ट्यात कोणाला करून द्यावी लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे दगावली. अशा दिवसांत बातम्यांचा तुटवडा नसतो, महापूर असतो : अमुक धरण फुटले, तमुक दरवाजे उघडले, विसर्ग इतके लाख क्युसेक. धरणाच्या विसर्गावरून दोन राज्यांत होणारा वादही अखेर आकड्यांचाच असतो. अशा वेळी आणखी एक आवाज वाढवणारे यंत्र नको असते. खरा आवाज वेगळा काढणारी शिस्त हवी असते.

२२/ यावर एक वाजवी आक्षेप आहे : बोदोची लिपी जुनी झाली. आज चुका ओळखणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या नव्या पद्धती आहेत, मग हे जुने उगाळायचे कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. आपत्तीत आकडे पाठवायचे तर चूक-दुरुस्ती असलेली पद्धतच अधिक योग्य, याबद्दल दुमत नसावे. पण उत्तरार्ध खोटा आहे. शेजारच्या जोरदार आवाजाने ग्राहकयंत्र दडपले, साउंडकार्डवर ध्वनी फाटला किंवा 'शिटी काढणारी' सोय चालू राहिली, तर नवी पद्धतही तितकीच आंधळी होते. जुनी लिपी चूक उघडी पाडते, नवी ती काही काळ झाकते. शिकण्यासाठी उघडी चूक बरी.

२३/ दुसरा आक्षेप : उपग्रह आणि मोबाईलच्या काळात हौशी रेडिओ हवाच कशाला? उत्तर २००४ च्या डिसेंबरात अंदमानात मिळाले. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तेथे हौशी रेडिओच्या मोहिमेवर होते. त्सुनामीनंतर नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली तेव्हा त्याच संचांनी बेटांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले. तेथे उपयोगी पडले ते नुसते संच नव्हेत. अनेक दिवस कान लावून सराव केलेली माणसे त्या संचांसमोर बसलेली होती.

२४/ तेव्हा मागणी उपकरणांची नाही, अभ्यासाची आहे. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी एकच संदेश खुल्या पट्ट्यात, ५०० हर्ट्झमध्ये आणि २५० हर्ट्झमध्ये उतरवावा आणि चुका मोजाव्यात. आकडा दोनदा पाठवावा, एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. पलीकडच्याने तो परत वाचून दाखवावा. गाळणीची रुंदी आणि चालू-बंद ठेवलेल्या सोयी नोंदवहीत लिहाव्यात. खर्च किरकोळ आहे. लागते ती बसण्याची आणि ऐकण्याची तयारी.

२५/ प्रक्षेपकांचे पुतळे उभारणारा इतिहास श्रोत्यांना विसरतो आणि उपकरणांच्या याद्या करणारे नियोजन कानांना विसरते. दोन्ही विस्मृती एकच आहेत. प्रतिसरकारच्या निरोप्याला आपण काय घेऊन चाललो आहोत हे ठाऊक होते. पुढच्या महापुरात साताऱ्याहून सांगलीकडे निघालेल्या आकड्याला तसा जाणता निरोप्या मिळणार की नाही, हे पाणी ४० फुटांवर येण्याआधी ठरवावे लागेल. ४५ आणि ४९ यांच्यातले चार फूट म्हणजे कोणाच्या तरी घराचा उंबरठा, गोठा आणि माजघर असते.